सातव्या प्रश्नाचे उत्तर

अर्ज नऊ पानांचा होता. सामाजिक उद्योजकांसाठी चालणाऱ्या एका वर्षभराच्या प्रशिक्षणवर्गाचा तो अर्ज मी २०२२ च्या डिसेंबरात, ठाण्याला पाचपाखाडीतल्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून, एका संध्याकाळी जवळजवळ पूर्ण भरला. संस्थेचा नोंदणी क्रमांक, सभासदसंख्या, मागच्या वर्षाचा ताळेबंद, पुढच्या तीन वर्षांचे अंदाजपत्रक हे सगळे माझ्या सवयीचे होते, कारण एका कारखान्याच्या पगार विभागात बावीस वर्षे मी आकड्यांचेच काम केले होते. राहिला तो सातवा प्रश्न : ‘हे काम तुम्ही का सुरू केले, ते पाचशे शब्दांत लिहा.’ त्यापुढची चौकट अकरा दिवस कोरी राहिली. दर वेळी चार ओळी लिहायच्या, वाचून पाहायच्या, आणि हे खरे असले तरी पुरते खरे नाही असे वाटून खोडायच्या, असे चालले होते. तेव्हा जे पाचशे शब्दांत बसले नाही, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

आमची संस्था म्हणजे घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची आणि वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांची सहकारी संस्था. या बायकांना कोणी आया म्हणतात, बहुतेक घरांत मावशी म्हणतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणी लोकमान्यनगर, सावरकरनगर, किसननगर आणि कळव्याला राहतात आणि नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंतच्या घरांत बारा तासांच्या ड्युट्या करतात. आज संस्थेच्या एकतीस सभासद आहेत. मी त्यांची सचिव आहे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तीन आठवड्यांनी तिला घरी आणले तेव्हा नाकात अन्नाची नळी होती, लघवीची पिशवी होती, आणि हे सगळे घरी सांभाळायचे कसे हे आम्हाला कोणालाही ठाऊक नव्हते. भाऊ पुण्याला, यजमानांची नोकरी फिरतीची, माझी नोकरी वागळे इस्टेटमध्ये. रुग्णालयाच्या दाराशीच एकाने ब्युरोचा नंबर दिला. ब्युरो म्हणजे घरोघरी आया पाठवणारे कार्यालय. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता लोकमान्यनगरच्या मावशी आमच्या दारात उभ्या राहिल्या.

त्या मावशींकडून मी जे शिकले त्यावर आज आमच्या संस्थेचे प्रशिक्षण उभे आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडाशी आणि टाचांना जखमा होतात. नळीतून भरवताना उशाकडची बाजू उंच हवी, आणि भरवून झाल्यावरही निदान अर्धा तास रुग्णाला आडवे करायचे नाही, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका. लघवीची पिशवी कमरेच्या वर कधी धरायची नाही. हे कोणत्याही परिचारिकेला ठाऊक असते. पण मावशींना ते कोणी वर्गात शिकवलेले नव्हते. त्यांचे यजमान आमच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला होते. कारखाना बंद पडला, त्यानंतर त्यांनी हे काम धरले, आणि पहिल्याच घरी एका म्हाताऱ्या निवृत्त नर्सबाईंची शुश्रूषा करताना त्या बाईंनीच त्यांना अंथरुणातून सगळे शिकवले. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या, अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक. तिथले बरेच कारखाने बंद झाले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, हे ठाणेकरांना सांगायला नको. त्या कारखान्यांतल्या कामगारांच्या घरच्या बायका पुढे कुठे गेल्या, याचे एक उत्तर मला आईच्या खाटेशेजारी मिळाले.

२०१८ च्या दिवाळीत मला मावशींना एका महिन्याचा पगार बोनस म्हणून द्यायचा होता. मी ब्युरोला दिवसाला ६५० रुपये देत असे, म्हणजे तीस दिवसांचे १९,५००. तेवढी पाकिटात घातलेली रक्कम पाहून मावशींनी ती मोजली आणि परत माझ्या हातात ठेवली. ‘ताई, जास्त आलेत,’ असे त्या म्हणाल्या. तेव्हा प्रथम कळले की त्यांच्या हाती दिवसाला ४३० रुपये पडत होते, महिन्याचे १२,९००. मधले ६,६०० रुपये दर महिन्याला ब्युरोकडे राहत होते. सुट्टी घेतली तर पैसे कापले जात, बदली बाई मिळाली नाही तर दंड लागे, उचल घेतली तर त्यावर वेगळे कापले जाई.

मी दुसऱ्यांच्या पगारपत्रकातल्या कपाती तपासून पगार घेणारी बाई. माझ्या विभागात एखाद्या कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीत अकरा रुपयांचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत मी घरी जात नसे. आणि माझ्याच घरात, माझ्या आईला रोज आंघोळ घालणाऱ्या बाईच्या हातात किती पडतात हे मी दोन वर्षांत एकदाही विचारले नव्हते. आई जानेवारी २०१९ मध्ये गेली. पंचवीस महिन्यांचा हिशेब केला तर सुमारे एक लाख पासष्ट हजार रुपये होतात. मला त्या रकमेचा राग आला, तसाच माझ्या न विचारण्याचाही आला.

आई गेली त्या दिवशी मावशींनीच तिला शेवटची आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भेटायला येतील असे मला वाटले होते. त्या आल्या नाहीत, कारण ब्युरोने त्यांना मुलुंडला नवी ड्युटी दिली होती आणि ती नाकारली तर पुढचे काम कधी मिळेल याची खात्री नव्हती. त्या चौथ्या दिवशी रात्री साडेनवाला आल्या, आईच्या फोटोपुढे बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण सातव्या प्रश्नाची माझी पहिली सगळी उत्तरे इथेच चुकत होती. वर सांगितलेल्या प्रसंगांनी मी हेलावले आणि कामाला लागले, असे लिहिणे सोपे होते आणि वाचणाऱ्याला ते पटलेही असते. पण तसे झाले नाही. आई गेल्यानंतर मी सव्वा वर्ष काहीही केले नाही. कळवळा होता, अपराधी वाटत होते, अन्यायाची चीड होती, आणि तरीही मी नोकरीला जात होते, संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारून घरी येत होते. या भावना माणसाच्या मनात कितीही काळ राहू शकतात आणि त्यांतून एकही गोष्ट घडत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

या सव्वा वर्षात एक छोटी गोष्ट मात्र चालू राहिली. मावशी महिन्यातून एकदा येत आणि आपला हिशेब माझ्याकडून तपासून घेत. मी त्यांना दोनशे पानांची एक वही दिली आणि हजेरी लिहायला शिकवले : तारीख, घर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मिळालेले पैसे. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या तीन दिवसांचे पैसे कमी आल्याचे वहीवरून निघाले. त्यांनी ब्युरोत वही दाखवली आणि ते पैसे मिळाले. मग त्यांनी किसननगरच्या एका ताईंना आणले. त्या ताईंनी आणखी दोघींना. २०१९ च्या अखेरीस दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या घरी सात जणी वह्या घेऊन बसत. मी याला काम समजत नव्हते. पण आता मागे पाहिल्यावर कळते की त्या रविवारी माझ्या हातात नकळत सगळी माहिती जमत होती. कोणत्या भागात किती दर चालतो, रात्रपाळीला माणूस का मिळत नाही, रुग्ण दगावल्यावर बाई सरासरी किती दिवस घरी बसते, कोणत्या प्रकारच्या रुग्णासाठी कुटुंबे जास्त द्यायला तयार असतात, हे सगळे सात वह्यांत होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. सोसायट्यांनी बाहेरच्या माणसांना फाटकाशीच थांबवले आणि सातही जणींची कामे एका आठवड्यात गेली. ब्युरोचा फोन लागेना. त्याच वेळी उलट बाजूने मला फोन येऊ लागले. माझ्या ओळखीतली, आईच्या आजारपणात विचारपूस करणारी घरे विचारत होती, की तुमच्याकडच्या मावशी येतील का, आमच्या आजोबांना उचलायला कोणी नाही. मी एका सोसायटीच्या अध्यक्षांशी बोलले, मावशींनी त्या घरी चोवीस तास राहण्याची तयारी दाखवली, तपासणी करून घेतली, दर ठरवला, आणि पूर्ण रक्कम त्यांच्या खात्यात थेट जमा करायला कुटुंबाला सांगितले. मेअखेरीस सातपैकी पाच जणींना असे काम मिळाले होते. जूनमध्ये एका रात्री मी त्या महिन्याचा तक्ता मांडत होते आणि अचानक लक्षात आले, की ब्युरो जे करते ते सगळे मी करीत आहे, आणि ते मला जमते आहे. काम सुरू झाले ते त्या रात्री. कळवळा आधीपासून होता; त्या रात्री त्यात भर पडली ती या खात्रीची.

कारखान्याने आमचा विभाग ठाण्याबाहेर हलवायचे ठरवले, तेव्हा मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. वय एकोणपन्नास होते. नोकरी सुटल्यावर घरात बसून राहण्याची भीती मला वाटत होती, आणि ही भीतीही माझ्या उत्तराचा भाग आहे.

त्यानंतर प्रश्न आला की नोंदणी कशाची करायची. मी आधी सार्वजनिक विश्वस्त संस्थेचा, म्हणजे १९५० च्या कायद्याखालच्या ट्रस्टचा विचार करीत होते. एका परिचित सनदी लेखापालांनी कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची कंपनी सुचवली. तिच्यात नफा वाटता येत नाही, तो उद्दिष्टासाठीच वापरावा लागतो, आणि देणग्या व कंपन्यांचा सामाजिक निधी मिळणे सोपे जाते. हे दोन्ही पर्याय मी एका रविवारी सातही जणींपुढे मांडले. मावशींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘म्हणजे त्यात आम्ही कोण असणार?’

ट्रस्टच्या कागदांत त्यांच्यासाठी शब्द होता ‘लाभार्थी’. कंपनीत त्या कर्मचारी झाल्या असत्या. मी विश्वस्त किंवा संचालक. मी मनात जे चित्र रंगवले होते त्यात मी देणारी होते आणि त्या घेणाऱ्या, हे त्या एका प्रश्नाने मला दिसले. कामामागचा माझा हेतू चांगला होता, तरी त्याची मांडणी चुकीची होती. त्या रविवारनंतर आम्ही सहकाराकडे वळलो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार नोंदणीसाठी किमान दहा व्यक्ती लागतात आणि त्या वेगवेगळ्या कुटुंबांतल्या असाव्या लागतात. भाग सभासदांचे, मत प्रत्येकीला एक, आणि लाभांश मर्यादित असला तरी तो देता येतो. माझ्यासह आम्ही दहा जणी जमवल्या, तर त्यांत एक सासू-सुनेची जोडी निघाली. अकरावी शोधली ती कळव्याची, रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम केलेली चोवीस वर्षांची मुलगी.

नोंदणीची प्रक्रिया ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की वेळ जातो तो उपविधी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नियम, लिहिण्यात. नाव राखून ठेवणे, प्रस्तावित संस्थेच्या नावाने बँकेत खाते उघडून भागभांडवल जमा करणे, प्रवर्तकांची यादी, योजना आणि उपविधी निबंधक कार्यालयात सादर करणे ही पायरी कागदांची आहे आणि ती नीट केली तर पार पडते. आम्ही नाव राखून ठेवल्याची मुदत उलटू दिली, म्हणून एक फेरा पुन्हा घालावा लागला. उपविधींवर मात्र आम्ही चार रविवार बसलो. वाक्यावाक्यावर मते पडली. चोरीचा आळ आला तर संस्था काय करील? रुग्णाच्या घरी पुरुष नातेवाईक एकटाच असेल तर ड्युटी नाकारण्याचा अधिकार कोणाचा? हे प्रश्न मला सुचले नसते. पुढे दोन कलमे याच प्रश्नांतून तयार झाली.

भागाची रक्कम एक हजार रुपये ठेवली होती. मावशींनी ती भिशीच्या पैशांतून आणली. मी पावती फाडून दिली, तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि त्यावरचे आपले नाव मला पुन्हा मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. रेशनकार्डावर त्यांचे नाव यजमानांच्या नावाखाली होते, खोलीचे कागद दिरांच्या नावावर होते, आणि ब्युरोच्या रजिस्टरमध्ये त्यांचा फक्त नंबर होता.

२०२१ च्या अखेरीस संस्था नोंदली गेली. दर ठरला दिवसाला ७५० रुपये. त्यांतले ६५० बाईचे, १०० संस्थेचे. त्या शंभरात खोलीचे भाडे, फोन, समन्वय करणाऱ्या मुलीचे मानधन, अपघात विमा आणि प्रशिक्षण भागवायचे. काही कुटुंबांना दर जास्त वाटला. ज्यांना वाटला त्यांच्याशी मी वाद घातला नाही. पैसे कुठे जातात याचा छापील तक्ता हातात ठेवला. निम्मी घरे तक्ता पाहून तयार झाली, उरलेली गेली.

पहिल्या वर्षात सर्वांत कठीण प्रश्न पैशांचा नव्हता. या कामात रुग्ण दगावला की काम संपते. ज्या बाईने आठ महिने एखाद्या आजींना भरवले, न्हाऊ घातले, रात्री त्यांचे कण्हणे ऐकले, तिला त्या आजी जाताच दुसऱ्या दिवसापासून उत्पन्न बंद होते आणि दुःखही करता येत नाही, कारण ती नात्याची नसते. मार्च २०२२ च्या मासिक सभेत सावरकरनगरच्या वहिनींनी हा विषय काढला. त्यांनीच ठराव मांडला, की प्रत्येकीने आपल्या ६५० मधले २० रुपये रोज बाजूला काढावेत आणि रुग्ण गेल्यावर त्या सभासदाला सात दिवस निम्मा मोबदला द्यावा. मी त्याला विरोध केला. ज्यांच्यासाठी चार पैसे वाढावेत म्हणून एवढा खटाटोप केला, त्यांनी स्वतःच्या हातातले वीस रुपये का सोडावेत, असे मला वाटले. माझे एक मत सोडून बाकी सगळ्यांच्या मतांनी ठराव मंजूर झाला. त्या वेळी रोज सरासरी आठ जणी कामावर असत. महिन्याला सुमारे ४,८०० रुपये जमू लागले. सात दिवसांचे २,२७५ रुपये पहिल्यांदा मिळाले ते कळव्याच्या त्या मुलीला. ती तीन दिवस आईकडे जाऊन झोपली, असे तिने सांगितले.

सामाजिक उद्योजक कोण, या प्रश्नाचा विचार करताना मला त्या सभेची आठवण येते. आपण नेहमी संस्था काढणाऱ्या एका व्यक्तीकडे पाहतो आणि तिच्या प्रेरणेचा शोध घेतो. पण त्या दिवशी ज्या बाईने गरज ओळखली, उपाय काढला, त्याचा हिशेब बसवला आणि इतरांना राजी केले, तिने उद्योजकाचेच काम केले होते. तिची प्रेरणा कोणी पाचशे शब्दांत विचारली नाही.

शेवटी सातव्या चौकटीत मी फक्त हजेरीच्या वह्यांविषयी लिहिले आणि अर्ज पाठवला. निवड झाली. मुलाखत आणि पुढचे वर्ग नवी मुंबईत होते. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने मी जात असे. मुलाखतीला संस्थेच्या दोन प्रतिनिधींना बोलावले होते, म्हणून मावशी बरोबर आल्या. समितीतल्या एका बाईंनी त्यांना विचारले, की ब्युरो सोडून इथे का आलात, पैसे जास्त मिळतात म्हणून का? मावशी म्हणाल्या, ‘पैसे तर पाहिजेतच. पण तिथं मी कुणाच्या घरी जाते ते त्यांच्या वहीत असायचं. मी तापानं पडले तर माझ्या घरी कोण येणार, ते कुठल्याच वहीत नव्हतं.’ संस्थेत एकमेकींच्या घरी जाण्याची पाळी लावलेली आहे हे त्यांनी पुढे सांगितले. ती पाळी त्यांनीच लावली होती.

वर्गात आम्हाला काही मोठ्या लोकांच्या कामाची ओळख करून दिली गेली. मुहम्मद युनूस चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवीत होते. १९७४ च्या दुष्काळानंतर ते शेजारच्या जोब्रा गावात जाऊ लागले. तिथे बांबूचे मोढे, म्हणजे बसायची स्टुले, विणणारी एक बाई व्यापाऱ्याकडून उधारीवर बांबू घेई आणि तयार माल त्याच व्यापाऱ्याला तो सांगेल त्या भावाने विके. अशा ४२ जणांना सावकारमुक्त करायला मिळून अवघे २७ डॉलर पुरत होते, आणि १९७६ साली ते त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले. ग्रामीण बँक १९८३ साली उभी राहिली, नोबेल शांतता पुरस्कार २००६ साली मिळाला. पण मला त्या कथेत खिळवून ठेवले ते २७ या आकड्याने. श्रमाची किंमत आणि श्रम करणाऱ्याच्या हाती येणारी रक्कम यांतला फरक एका अर्थशास्त्रज्ञाने मोजला आणि तो आपल्या आवाक्यात आहे हे त्याला दिसले. माझ्या पाकिटातल्या ६,६०० रुपयांची गोष्ट फार लहान आहे, तरी ती मला त्या जातीची वाटली.

मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांच्याविषयी ऐकताना मी पुढे सरकून बसले. सांधेवाताने बोटे वाकडी झालेली असताना त्यांनी हातांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची सवय लावली, सरकारी सेवेत हजारो शस्त्रक्रिया केल्या, आणि १९७६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. पैसे देऊ शकणाऱ्यांच्या शुल्कातून न देऊ शकणाऱ्यांवर मोफत उपचार, ही त्यांची रीत. आपल्याकडे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेही कामगार चळवळीत वर्षानुवर्षे काढल्यानंतर. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायका सावकारी व्याजात कशा अडकल्या आहेत हे त्यांना जवळून ठाऊक होते, आणि त्यांनी त्या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेले. या दोघांचीही प्रेरणा सांगताना लोक करुणेबद्दल, श्रद्धेबद्दल, त्यागाबद्दल बोलतात, आणि ते खरेच आहे. पण दोघांनीही नव्या कामात हात घातला तेव्हा त्या कामाची माहिती त्यांच्या हाडीमाशी मुरलेली होती.

प्रशिक्षकांनी याच संदर्भात योहाना मायर आणि एर्नेस्तो नोबोआ या अभ्यासकांची २००६ सालची मांडणी सांगितली. माणूस सामाजिक उद्योगाकडे वळतो त्यामागे त्यांनी चार गोष्टी धरल्या आहेत : दुसऱ्याचे दुःख समजणे, ते दूर करणे हे आपले कर्तव्य आहे असे वाटणे, आपल्याला हे जमेल हा विश्वास, आणि आजूबाजूच्यांचे पाठबळ मिळेल ही अपेक्षा. पुढे काई होकर्ट्स यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यात पूर्वानुभवाची भर घातली आणि दाखवले, की या सर्वांत ‘मला जमेल’ या विश्वासाचा परिणाम सर्वाधिक आहे आणि सामाजिक प्रश्नांच्या प्रत्यक्ष अनुभवाने सर्वांत जास्त वाढतो तोही हाच. ते ऐकताना मला जून २०२० ची ती रात्र आठवली. सव्वा वर्ष मी स्वतःला कमी संवेदनशील समजत होते. संवेदना कमी नव्हती. वह्या अजून पुरेशा भरलेल्या नव्हत्या.

म्हणूनच कोणी मला विचारते की समाजासाठी काहीतरी करायचे आहे, कुठून सुरुवात करू, तेव्हा मी त्यांना संस्था काढण्याचा सल्ला देत नाही. एखाद्या ठिकाणी दर महिन्याला एकदा जाऊन छोटे, ठरावीक काम करा, असे सांगते. तरुण मुलांना हे उत्तर फिके वाटते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. त्यांना ध्येयाने पेटून उठण्याची गोष्ट ऐकायची असते, आणि मी ती सांगू शकत नाही, कारण ती माझ्या बाबतीत घडलेली नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल लिहिले पाहिजे. मी संस्थेकडून मानधन घेते. पहिले दीड वर्ष घेतले नाही, कारण जमेत पैसे नव्हते. त्यानंतर सभेने ठराव करून ते सुरू केले. माझ्या भावाने मला एकदा विचारले, ‘हे तू आईच्या आठवणीसाठी करतेस ना? मग पैसे कसे घेतेस?’ त्याच्या मनात वाईट काही नव्हते. समाजकार्य निरपेक्षच असले पाहिजे, हे आपल्या सगळ्यांच्या मनात लहानपणापासून रुजलेले आहे. पण मी फुकट काम केले असते तर हे काम फक्त पेन्शन किंवा नवऱ्याचा पगार असलेल्या बाईलाच करता आले असते, आणि माझ्यानंतर कळव्याच्या त्या मुलीला सचिव होता आले नसते. श्रमाचे पैसे श्रम करणाऱ्याला मिळावेत म्हणून ही संस्था निघाली; सचिवाचे श्रम त्याला अपवाद का असावेत? आईच्या आठवणीबद्दल मी त्याला खरे तेच सांगितले. आठवण आहेच. पण आज सकाळी सहाला फोन वाजतो तेव्हा मला आई आठवत नाही. घोडबंदर रोडच्या आजोबांकडे रात्रपाळी संपवून निघणारी ताई आणि तिथे पोहोचायला उशीर होणारी वहिनी आठवते, आणि त्या एका तासासाठी कोणाला पाठवायचे हे आठवते. ज्या भावनेने मी आत आले आणि ज्या बांधिलकीने मी टिकून आहे, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या वर्षी संस्थेने फाउलर कॉट (डोक्याकडची बाजू वर उचलता येणाऱ्या रुग्णखाटा), हवेच्या गाद्या आणि कमोड खुर्च्या विकत घेऊन त्या कमी भाड्याने देण्याचे ठरवले आहे, आणि त्यासाठी बँकेकडे कर्ज मागायचे आहे. बँकेच्या अर्जातही तोच प्रश्न निराळ्या शब्दांत आला आहे : संस्था स्थापन करण्यामागील सभासदांचा उद्देश. या वेळी मी तो एकटीने भरायला घेतला नाही. मागच्या रविवारी सभेत वाचून दाखवला आणि प्रत्येकीला आपल्या शब्दांत उत्तर द्यायला सांगितले. किसननगरच्या ताई म्हणाल्या, मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहिता यावा म्हणून. सुनेने सासूकडे बोट दाखवले आणि म्हणाली, ह्यांना एकटीला ड्युटीला पाठवायचे नव्हते म्हणून. सावरकरनगरच्या वहिनींनी ‘सात दिवसांसाठी’ एवढेच सांगितले आणि ते सगळ्यांना समजले. मावशींनी सांगितले, की वहीतले तीन दिवसांचे पैसे परत मिळाले होते ना, तेव्हाच ठरवले होते. मला ते इतक्या वर्षांत माहीत नव्हते.

मी ही उत्तरे जशीच्या तशी लिहून घेतली आहेत. अर्ज सोमवारी द्यायचा आहे, आणि रात्रपाळीच्या दोघींची उत्तरे अजून यायची आहेत.